तीन वाजताच्या चांदण्या

३ तारीख, सोमवार

डोकं फिरलंय. आधी इथे ओकते, मग स्वयंपाकाला लागते.

तलावाच्या फाटकावर साहेबांनी कागद चिकटवलाय. दुपारी तीन ते चार या बायकांच्या तासाला दररोज सरासरी सहा जणी येतात असं म्हणे संगणकातल्या नोंदींवरून दिसतं. सबब हा तास पोहणं शिकवणाऱ्या कोचच्या मुलांना स्पर्धेच्या सरावासाठी द्यायचा का, ते वीस तारखेच्या बैठकीत ठरणार. सहा! अहो, सहा जणी तर नुसत्या केस वाळवायच्या मशीनपाशी भांडत असतात.

चार वर्षं मी त्या फाटकाशेजारच्या टेबलावर बसते. येणाऱ्याच्या कार्डाचा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकायचा आणि माणूस आत सोडायचा, एवढंच काम. मला माहीत नाही का कोण येतं ते? गुडघेवाल्या आजी येतात, ज्यांना जमिनीवर दहा पावलं चालवत नाहीत आणि पाण्यात अर्धा तास चालतात. जुळ्यांची आई येते, ती तर पोहतही नाही, नुसती पाठीवर पडून छताकडे बघते. म्हणते, दिवसभरात एवढाच वेळ मला कुणी हाक मारत नाही.

आणि मी. आता वहीत काय लपवायचं! आजी पहिल्या दिवशी शिडीवर अडकून बसल्या, मला म्हणाल्या, "तू हात धर, तरच उतरते." मी धरला. तेव्हापासून रोज तीन ते चार मी पण पाण्यात. एकोणपन्नासाव्या वर्षी शिकले आणि आता या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जाते. टेबल काही उघडं पडत नाही, टेबलावर टोपली असते. बायका कार्डं टोपलीत टाकतात. सव्वाचारला केस पुसत पुसत मी सगळी कार्डं भरून टाकते. सगळ्यांचं काम होतं, कुणाचं अडत नाही.

साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, सहा कुठून काढले? चाळीसच्या वर येतात."

"अहो बाई, तुमचंच मशीन सांगतंय. नोंदी तुम्हीच करता ना?"

"मशीनला काय कळतंय!"

"मग तुम्ही मला दाखवा. कागदावर, एका नजरेत दिसेल असं. पानभर आकडे आणू नका, आकडे बघितले की मला झोप येते."

दाखवते म्हणून आले तर खरी. कसं, ते देव जाणे.

४ तारीख, मंगळवार

आज माझी सुट्टी. टेबलावर ऑफिसातला बदली कारकून बसतो, तो खुर्चीवरून हलत नाही म्हणून बायका त्याला "खिळा" म्हणतात.

ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "ताईला विचार की. तिचा जन्म गेला त्यात."

ताई म्हणजे यांची मोठी बहीण, माझ्या वन्सं. आकडेवारीच्या खात्यातून सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या. तेव्हापासून एकट्या घरात बसून आमच्या घरातल्या चुका काढतात. परवा माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून गेल्या. पंचवीस वर्षांत आमचं भांडण एकदाही झालं नाही, कारण भांडायला आधी बोलावं लागतं.

त्यांना विचारू? त्यापेक्षा तलावात दगड बांधून उडी मारेन.

६ तारीख, गुरुवार

विचारलं. दुसरा उपाय नव्हता.

वन्सं सकाळी दहाला हजर, पर्स काखेत, चष्मा नाकावर. माझी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे यंत्र जिवंत आहे अजून?" आमचा कॉम्प्युटर जुना आहे. चित्रबित्र काही दाखवत नाही, काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. प्रिंटरही तसलाच, कर्रकर्र करत फक्त अक्षरं छापणारा. म्हटलं, "यातून रंगीत आलेख निघायचा नाही, वन्सं."

"रंग हवेत कुणाला? अक्षरं आहेत ना? पुष्कळ झालं."

मग त्यांनी मला क्वेरी लिहायला शिकवली. क्वेरी म्हणजे कॉम्प्युटरला नीट शब्दांत विचारलेला प्रश्न. नोंदी घे, तासाप्रमाणे त्यांचे गट पाड, प्रत्येक गटातली माणसं मोज. पडद्यावर आकड्यांचा खांब उभा राहिला. मला त्यात काडीचं कळलं नाही.

"थांब," वन्सं म्हणाल्या. "आता त्याला सांग, जितकी माणसं तितक्या वेळा हे चिन्ह छाप." आणि त्यांनी चांदणीची कळ दाबली, ती आठाच्या आकड्यावर असते ती.

अगं बाई! पडद्यावर चांदण्याच चांदण्या! सकाळी सातची एवढी मोठी रांग, आठची जराशी आखूड, संध्याकाळची तर पार कडेपर्यंत. आकड्यांकडे बघून मला काही दिसलं नव्हतं, आणि आता संध्याकाळची गर्दी मला दिसतच होती, धक्काबुक्कीसकट. मी टाळ्या वाजवल्या. वन्सं म्हणाल्या, "लहान मुलासारखं काय करतेस?" पण चष्मा काढून पुसत होत्या आणि चेहरा असा झाला होता, जसा मी कधी बघितलाच नव्हता.

मग मी शहाणपणा केला. रांगांपुढे १५, १६ असे रुक्ष आकडे कशाला, "सकाळी सहा", "दुपारी तीन" असं लिहू म्हटलं. लिहिलं. प्रत्येक रांग वेगळ्या ठिकाणी सुरू झाली, मात्रा-वेलांट्यांनी सगळा तोल घालवला. प्रिंटरने तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन छापले. वन्संनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. न बोलता पण त्या बरंच काही बोलतात. आकडे परत घातले.

७ तारीख, शुक्रवार

आज नवीन संकट. संध्याकाळची रांग कागदात मावेना, अर्ध्या चांदण्या खालच्या ओळीत घरंगळल्या. वन्सं म्हणाल्या, "एक चांदणी म्हणजे दहा माणसं धर. भाग दे दहाने." दिला. हा बघा रोजच्या सरासरीचा कागद, इथे उतरवून ठेवते:

06 |
07 | ******
08 | *****
15 |
16 | ***
17 | *********
18 | ************ 

सुबक दिसतंय ना? तेवढ्यात सकाळी सहाचे काका लोक येऊन उभे राहिले. चौघंच असतात, पण वर्षानुवर्षं न चुकता येतात, आणि तोंडाळ किती! त्यांना काहीतरी विसरलेलं न्यायचं होतं. कागद बघून एक काका म्हणाले, "आम्ही मेलो का?"

चाराला दहाने भागलं तर कॉम्प्युटर म्हणतो शून्य. अपूर्णांक त्याला चालत नाही, चार माणसं सरळ गिळून टाकतो. काका म्हणाले, "थंडीत उडी मारायला आम्ही आणि चांदणी नाही! हा कसला न्याय?" वन्संनी कधी नव्हे ते हसू दाबलं आणि नियम बदलला. एक जरी माणूस असेल तरी एक चांदणी मिळालीच पाहिजे. काका छाती काढून गेले.

आमच्या तीनच्या ओळीलाही एक मिळाली. एकच. खरंच सहा दाखवतोय मेला. आणि चारच्या ओळीला तीन! चार ते पाच तर तलाव बंद असतो, सफाई चालते. तेव्हा कोण पोहतंय, झाडूवाले? माझं मत असं की कॉम्प्युटरचं घड्याळ तासभर पुढे गेलंय. वन्संनी घड्याळ बघितलं. बरोबर होतं.

१० तारीख, सोमवार

वन्सं आता रोज येतात. मी बोलावत नाही, तरी येतात. तपासणी करायची सवय जाणार कशी!

आज त्यांनी वारांप्रमाणे चांदण्या काढल्या. भलतीच गंमत निघाली. तीन वाजता रविवारी शून्य, सोमवारी शून्य, बुधवारपासून शनिवारपर्यंत शून्य, आणि मंगळवारी बेचाळीस! म्हटलं, "बघा वन्सं, मंगळवारी बायकांना वेळ मिळत असणार. इतर दिवशी घरचं काम."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. "तुझी सुट्टी कधी असते गं?"

"मंगळवारी. का?"

"काही नाही. आणि ही टोपली कसली?"

सांगितलं टोपलीचं. त्या "हं" म्हणाल्या. तीन वाजले होते, वाद घालायला मला वेळ नव्हता. मी पाण्यात गेले. मला वाटलं त्या घरी जातील, तर काठावरच्या बाकावर येऊन बसल्या. नंतर चप्पल काढून पाय पाण्यात सोडले. उथळ बाजू किती खोल, आजींचं वय काय, बुडायला लागलं तर शिट्टीबाई किती वेळात पोचते, असले हजार प्रश्न. शिट्टीबाई म्हणजे आमची जीवरक्षक. ती म्हणाली, "बाई, तुम्ही काय चौकशी समितीवर आहात का?"

११ तारीख, मंगळवार

सुट्टी. कपडे, भांडी, झोप. दुपारी वन्संचा फोन, पोहण्याचे ड्रेस मोठ्या मापाचे कुठे मिळतात? एका मैत्रिणीला हवाय म्हणे. दुकान सांगितलं. त्यांना मैत्रीण आहे हेच मला नवीन.

१२ तारीख, बुधवार

मला कळलं. देवा, मला कळलं.

सव्वाचारला टोपली घेऊन बसले, पहिलं कार्ड भरलं आणि पडद्यावर नोंद आली त्याकडे आज प्रथमच नीट बघितलं. तारीख, नंबर, वेळ सोळा वाजून सतरा मिनिटं. आत्ताची वेळ! कार्डावर "दुपार ३ ते ४" छापलंय म्हणून मी समजत होते की कॉम्प्युटर ते धरतो. तो कशाला धरेल? मी कळ दाबते ती वेळ तो लिहितो. तलाव बंद असताना पोहणारी भुतं मीच रोज भरलीत. मंगळवारी खिळा बसलेला असतो आणि बाई आली की तिथल्या तिथे नोंद करतो, म्हणून मंगळवार तेवढा खरा.

म्हणजे आमचा तास कोच नाही घालवत, साहेब नाही घालवत. मी घालवतेय, माझ्या हाताने, चार वर्षं, ओल्या केसांनी.

वन्संना फोन केला. म्हणाल्या, "सोमवारी कळलं होतं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझं तुला सापडू दे म्हटलं. आणि तू इतक्या खुशीत पाण्यात चालली होतीस."

रडू आलं. रडतानाच फोनवर हसले पण, कारण त्या म्हणाल्या, "रडू नकोस, नोंद चुकेल."

१४ तारीख, शुक्रवार

पुरावा सापडला! शिट्टीबाईला नियम आहे, दर पंधरा मिनिटांनी पाण्यातली डोकी मोजून वहीत लिहायची. तिच्या वह्या कपाटात गठ्ठ्याने पडल्यात, कुणी उघडत नाही. आम्ही दोन महिन्यांच्या वह्या घेतल्या. जुळ्यांची आई वाचून दाखवते, आमच्या तासाला येणारी बँकेतली एक बाई तपासते, मी भरते, वन्सं मागे उभ्या. गुडघेवाल्या आजींना काही दिसत नाही, त्या "लवकर, लवकर" म्हणायला बसल्या होत्या. हसून हसून पोट दुखलं.

१५ तारीख, शनिवार

शिट्टीबाईशी भांडले. कार्डं रोज बेचाळीस आणि हिच्या वहीत रोज त्रेचाळीस. एखाद दिवशी एकेचाळीस, तर हिचे बेचाळीस. नेहमी एक जास्त! म्हटलं, "तुला मोजता येत नाही का?" ती उसळली. "नऊ वर्षं डोकी मोजतेय. एक डोकं चुकलं तर माणूस जातो, कळलं?" बरोबर होतं तिचं. मग कोण ही? कार्डाशिवाय घुसते कोण? मी मनातल्या मनात चार जणींवर संशय घेतला, त्यातली एक तर बिचारी फार साधी आहे.

वन्संनी वार लावून बघितले. मंगळवारी कार्डं आणि डोकी बरोब्बर सारखी. बाकी सगळे दिवस एक जास्त. त्या खुर्चीतच हलायला लागल्या, मला वाटलं ठसका लागला. हसत होत्या!

"अगं, ती लाल टोपीवाली कोण असते रोज?"

लाल टोपी माझीच.

१८ तारीख, मंगळवार

दोन दिवस लिहिलं नाही.

कागद तयार आहे. तीनच्या ओळीत चार चांदण्या, चारच्या ओळीत काहीच नाही. पण साहेब विचारणार, नोंदी चारच्या का? आणि डोकी एक जास्त का? खरं सांगितलं तर मी टेबल सोडून पोहते हे साहेबांना कळणार. नोकरी जाईल कदाचित. निदान तलाव तर सुटेलच माझा.

वन्सं आल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "घड्याळ बिघडलं होतं म्हणता येईल. आणि एक वजा करायला क्वेरीत दोन अक्षरं लागतात. कुणाला कळणार नाही."

तीस वर्षं आकडे सांभाळलेली बाई हे माझ्यासाठी म्हणत होती. मला इतकं भरून आलं की मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

"तुम्ही नोकरीत असताना असं एक वजा केलं होतं कधी?"

"कधीच नाही."

"मग आत्ता कशाला?"

त्यांनी पर्स काखेत घेतली. नंतर म्हणाल्या, "मी येईन बैठकीला. बाहेर बाकावर बसेन."

घाबरलेय मी. पण आजींनी काल विचारलं, "पुढच्या महिन्यात मी चालू कुठे?" त्याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

२० तारीख, गुरुवार

बैठक झाली.

साहेब आणि कोच बसले होते. मी कागद ठेवला. साहेबांनी चष्मासुद्धा लावला नाही, बोट तीनच्या ओळीवरून फिरवलं. "ही चार म्हणजे चाळीस?"

"बेचाळीस. आणि आणखी एक."

"आणखी एक कोण?"

"मी."

सगळं सांगून टाकलं. टोपली, सव्वाचार, लाल टोपी, न थांबता या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते टोकाचं सांगायची काही गरज नव्हती, पण तोंडातून निघून गेलं. साहेबांनी कपाळावर हात मारला. "चार वर्षं? टेबलावर कोणी नाही?"

"टोपली होती, साहेब."

कोच फिस्सकन हसला. मग कागद स्वतःकडे ओढून बघायला लागला. "एक मिनिट. म्हणजे चार ते पाच खरोखर रिकामं आहे? सफाई दुपारी दोनला केली, तर माझ्या मुलांना हाच तास चालेल. चारला शाळाही सुटलेली असते." त्याला इतके दिवस नोंदींवरून वाटत होतं, चारला तिथे तीन चांदण्यांची गर्दी असते!

साहेब मान हलवत बसले. तास बायकांचाच राहिला. राहिला! चार ते पाच कोचला. आणि मला लेखी ताकीद. तीन ते चार टेबलावरून हलायचं नाही, प्रत्येक कार्ड आल्याबरोबर भरायचं. नोकरी शाबूत.

बाहेर आले तर बाकावर एकट्या वन्संच नव्हत्या. वीस-पंचवीस बायका दाटीवाटीने बसलेल्या. मी "राहिला" म्हटलं आणि जो गोंधळ झाला! आजींनी मला बसल्या जागेवरूनच ओढून मिठी मारली, माझी पाठ अजून दुखतेय. ताकिदीचं फक्त वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुझं पोहणं?" मी म्हटलं, "जाऊ दे हो." चटकन म्हटलं, पण तेवढं सोपं नव्हतं.

२२ तारीख, शनिवार

तीन ते चार टेबलावर. आतून आवाज येतात. कार्ड परत देताना प्रत्येक बाई माझ्या हातावर थोपटून जाते, जशी काही मी आजारी आहे. संध्याकाळी क्वेरी चालवली. तीनची ओळ पहिल्यांदाच खरी आली. आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि पाणी आठवलं, तेही खरंच.

२५ तारीख, मंगळवार

सुट्टी होती. भांडी तशीच ठेवली. सकाळी जाऊन सभासदाचा अर्ज भरला, फोटो चिकटवला. अर्जावर व्यवसाय या रकान्यात काय लिहू कळेना, "टेबल" लिहिणार होते.

पावणेतीनला निघाले तर फाटकापाशी वन्सं उभ्या, एका हातात नवं कोरं कार्ड, दुसऱ्यात पिशवी, पिशवीतून निळ्या ड्रेसची बाही डोकावतेय. मी म्हटलं, "मैत्रीण कुठंय?"

"कुठली मैत्रीण?" म्हणाल्या आणि इतक्या लाजल्या की मला पुढे चिडवता येईना. अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. लहानपणापासून पाण्यात उतरायचं होतं म्हणाल्या, कुणी नेलं नाही आणि नंतर कुणाला विचारवलं नाही.

आम्ही दोघी रांगेत उभ्या राहिलो. चार वर्षं मी त्या टेबलाच्या पलीकडे होते, या बाजूने ते बरंच उंच वाटतं. खिळ्याने माझं कार्ड घेतलं, नंबर टाकला, पडदा बघितला आणि वर न बघता म्हणाला, "पंधरा वाजून दोन मिनिटं. जा आत."

शिडीवर वन्सं अडकल्या. म्हणाल्या, "तू हात धर, नाहीतर मी जाते घरी." धरला. पाणी कमरेपर्यंत आलं तशा त्या किंचाळल्या आणि मग एकदम खळखळून हसल्या, सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मी त्यांना आजींच्या हवाली केलं आणि एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले. न थांबता.

शिट्टीबाईने साडेतीनला डोकी मोजली. जाताना मी तिच्या वहीत डोकावले, चव्वेचाळीस लिहिले होते. टेबलाशी थांबून खिळ्याला कार्डं विचारली. तो म्हणाला, "चव्वेचाळीस."